दसऱ्याला सबमिट

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया.
पीए स्कूलच्या अर्जांचं पोर्टल उघडलं. पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. डॉक्टरांसोबत काम करतो, पेशंट तपासतो, औषध लिहून देतो. मी अकोल्यात चार वर्षं स्वतःचा होमिओपॅथीचा दवाखाना चालवलाय. तेव्हा माझ्यासाठी हे खरं तर एक पायरी खाली उतरणं आहे. पण अमेरिकेत राहायचं तर थोडं वाकावं लागतं, हे मी स्वीकारलंय. आज मुहूर्त उत्तम होता. पाठवणारच होतो. अर्जासोबतचा निबंध अपुरा राहिला. पाच हजार अक्षरांची मर्यादा आहे आणि माझं बालपणच आठ हजारांत गेलं. उगाच घाईत पाठवण्यात अर्थ नाही.

१८ मे, रविवार.
शेजारच्या सुवर्णाताई आणि त्यांची वैदेही आल्या होत्या. वैदेही तेवीस वर्षांची. तीही यंदा पीएलाच अर्ज करतेय. मार्क उत्तम, मुलगी गुणी, पण अननुभवी. म्हणाली, काका, इथे रोलिंग ॲडमिशन असतं, येतील तसे अर्ज बघतात, लवकर पाठवलेलं बरं. मी शांतपणे समजावलं. घाई करणारा माणूस गरजू दिसतो. साडेतीन मुहूर्तांतली अक्षय तृतीया गेली, आता चांगला दिवस म्हणजे थेट दसरा. दोघं मिळून दसऱ्याला पाठवू. शेवटची तारीख काही कॉलेजांची नोव्हेंबरपर्यंत आहे, मग भ्यायचं कशाला? तिनं नुसती मान हलवली. पटलेलं दिसलं. सुवर्णाताई म्हणाल्या, डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं. इथे अमेरिकेत, आमच्या सगळ्या ॲशबर्न गावात मला डॉक्टर म्हणणाऱ्या त्या एकट्याच.
त्या गेल्यावर राधिका म्हणाली, हेम, स्वतःचं काय करायचं ते कर, त्या पोरीला कशाला अडकवतोस? नवऱ्याचं मार्गदर्शन दुसऱ्यांना उपयोगी पडतं, हे बायकोला दिसत नाही. आयटीत असल्यामुळेही असेल.

११ जून, बुधवार.
आज अर्जंट केअरमध्ये, म्हणजे अपॉइंटमेंटशिवायच्या दवाखान्यात, जरा गडबड झाली. मी तिथे मेडिकल असिस्टंट आहे. बीपी घ्यायचं, वजन घ्यायचं, पेशंटला खोलीत बसवायचं. एक बाई गुडघा धरून आल्या. बीपी घेता घेता सहज होमिओपॅथीची अर्निका सुचवली. त्यांनी आत जाऊन आमच्या पीएला, केलीला, विचारलं की तो दुसरा डॉक्टर म्हणाला ते औषध कुठे मिळेल. केलीनं मला बाजूला बोलावलं. वय एकोणतीस. दार लावून घेतलं, आवाज अजिबात चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, हेम, तू पेशंटशी फार छान वागतोस, पण हे परत नको. माझे कान तापले. रेकमेंडेशन लेटर तिच्याकडूनच घ्यायचंय म्हणून वाद घातला नाही.
निबंधात हा प्रसंग घालणार आहे. 'नेतृत्वगुण' या मुद्द्याखाली.

९ सप्टेंबर, मंगळवार.
निबंध पूर्ण! बालपण काढून टाकावं लागलं. केलीचं लेटरही पोचलं. आज पाठवता आला असता, पण पितृपक्ष. लोकांना वाटेल मी टाळाटाळ करतोय. लोकांना शिस्त आणि टाळाटाळ यांतला फरक कळत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार.
निवडलेल्या पाचांपैकी दोन कॉलेजांची मुदत आज संपते. राधिका म्हणाली, अरे, आजच पाठवून टाक ना, एका दिवसानं काय होतं? मी म्हटलं, तेच तर म्हणतोय मी, एका दिवसानं काय होतं? ती लॅपटॉप उचलून वर गेली.
दोन कॉलेजं गेली. ती नशिबात नव्हती. उरलेली तीन जास्त चांगली आहेत, नीट पाहिल्यावर कळलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
झाला! लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. थोडं कुंकू कीबोर्डमध्ये गेलं, एस दाबला की आता दोनदा उमटतो. वैदेही तिचा लॅपटॉप घेऊन आली होती. त्याचीही पूजा केली. मी 'सबमिट' दाबलं, मग तिला म्हटलं, दाब. तिनं दाबलं. सुवर्णाताईंना नेमका तेव्हाच ठसका लागला, पाणी दिलं. पोरीचा चेहरा लाल झाला होता. पाया पडली. तिच्या आयुष्याच्या एवढ्या मोठ्या क्षणी आपण हजर होतो, याचं फार बरं वाटलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.
पहिल्या कॉलेजचा मेल आला. नाही. पण खाली सही खुद्द डायरेक्टरची आहे. एवढ्या मोठ्या माणसानं स्वतः कळवावं, म्हणजे अर्ज वरपर्यंत गेला होता. वैदेहीला आला का विचारलं. म्हणाली, अजून नाही काका. तिला धीर दिला.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
दुसऱ्या कॉलेजचंही नाही. या वेळी फोनच लावला. ॲडमिशन ऑफिसातल्या बाई गोड बोलल्या. म्हणाल्या, अर्ज नीट होता, पण आम्ही जून-जुलैपासून इंटरव्ह्यू घेतो आणि जागा देत जातो, तुमचा अर्ज आला तेव्हा जवळजवळ सगळ्या भरल्या होत्या. मी म्हटलं, मग शेवटची तारीख नोव्हेंबरची कशाला ठेवता? त्या म्हणाल्या, ती शेवटची आहे.
फोन ठेवला. आधी त्या बाईंचा राग आला. मग वैदेही आठवली.
तिला मी थांबवलं. तिनं सांगितलं होतं, रोलिंग म्हणून. मी तिला गरजू दिसशील म्हणालो. माझं एक वेळ ठीक आहे, त्रेचाळीस वर्षांचा माणूस, नोकरी आहे, बायको कमावते. तिचं आख्खं वर्ष गेलं. जेवण गेलं नाही. राधिकानं विचारलं तर ॲसिडिटी म्हणून सांगितलं.

९ नोव्हेंबर, रविवार.
आज जाऊन सांगणार होतो. सुवर्णाताईंच्या दारापर्यंत गेलो. आतून हसण्याचा आवाज आला. म्हटलं, हसताहेत, आज कशाला?

१५ नोव्हेंबर, शनिवार.
इंडियन ग्रोसरीत वैदेही दिसली. मी तांदळाच्या पोत्यांमागे गेलो. वाकून बासमतीची लेबलं वाचत बसलो. ती तिथेच आली, म्हणाली, हाय काका, कमरेला काही झालंय का? हातात कपड्यांची पिशवी होती. नवा ब्लेझर. सोमवारी पेनसिल्व्हेनियाला चाललीय म्हणाली, दोन दिवस. कशाला ते सांगेना, नजर चुकवत होती. मला सगळं कळलं. पोरीनं पीएचा नाद सोडला, आता कुठेतरी ऑफिसातली नोकरी बघतेय. एवढी हुशार मुलगी माझ्यापायी टेबलाखुर्चीवर बसणार. काही न घेताच बाहेर आलो. आणायला गेलो होतो तो हिंग राहिलाच.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग.
सुवर्णाताई पेढे घेऊन आल्या. सहजच, म्हणाल्या. मी विचारलं, काही विशेष? तर राधिकाकडे बघून म्हणाल्या, लग्नाचा वाढदिवस आहे ना आमचा. मला आठवतंय तसं तो मार्चमध्ये असतो, पण बाई दुःखात आहे, तारखा कशा लक्षात राहणार? जिच्या मुलीचं मी नुकसान केलं ती माझ्या तोंडात पेढा भरवतेय. पेढा तसाच तोंडात धरला. खाली बेसमेंटमध्ये जाऊन बसलो. इतका नालायक मी स्वतःला आजवर कधी वाटलो नव्हतो.
रविवारी नक्की सांगणार.

३० नोव्हेंबर, रविवार.
त्यांच्याकडे पाहुणे.

७ डिसेंबर, रविवार.
बर्फ. रस्ता ओलांडण्यात धोका होता.

११ डिसेंबर, गुरुवार.
तिसऱ्या कॉलेजचा इंटरव्ह्यू! व्हिडिओवर. वर कोट-टाय, खाली पायजमा. तिघं जण होते. पहिली दहा मिनिटं मी उत्तम बोललो, त्यांना मध्ये बोलायची गरजच पडली नाही. मग एका बाईंनी विचारलं, तुमच्या हातून कुणाचं नुकसान झालं असेल असा एक प्रसंग सांगा आणि तुम्ही पुढे काय केलंत ते सांगा.
उत्तर पाठ होतं. मी फार परफेक्शनिस्ट आहे, वगैरे. तोंड उघडलं आणि वैदेही डोळ्यांसमोर आली, ब्लेझरची पिशवी घेऊन. पुढे काय केलंत, म्हणे. काय केलं? पोत्यांमागे लपलो. त्या बाई म्हणाल्या, टेक युअर टाइम. मी बराच टाइम घेतला. शेवटी म्हणालो की असा प्रसंग आठवत नाही.
राधिकानं विचारलं, कसा झाला? म्हटलं, त्यांना माझ्यातली संवेदनशीलता दिसली.

२ जानेवारी, शुक्रवार.
नवीन वर्षाचे संकल्प: सुवर्णाताईंना खरं सांगणे. रोज चालणे. मेल दिवसातून एकदाच बघणे.
मेल आज पुष्कळदा बघितला. चाललो नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार.
आलं. नाही.
या वेळी सही कुणाची आहे ते पाहिलं नाही. राधिकाला सांगितलं तर तिनं चहा ठेवला आणि माझ्या शेजारी बसून राहिली. पुढच्या वर्षी लवकर पाठव, एवढंच म्हणाली. मला तिच्या खांद्यावर डोकं ठेवून सांगावंसं वाटलं की माझं सोड, मी त्या पोरीचं वाटोळं केलंय. सांगितलं नाही. पण आता माझं काहीच उरलेलं नाही, तेव्हा भिण्यासारखंही काही नाही. उद्या सुवर्णाताईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, सगळ्यांना बोलावलंय. उद्या सांगणार.

१७ जानेवारी, शनिवार. दुपार.
वाक्य पाठ केलं. 'सुवर्णाताई, वैदेहीचं वर्ष माझ्यामुळे वाया गेलं, मला क्षमा करा.' आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज नीट लागतोय. हे करायला धैर्य लागतं. सगळ्यांना जमत नाही.

१८ जानेवारी, रविवार.
सांगितलं.
काल सगळे पुरुष त्यांच्या बेसमेंटमध्ये होते. मी स्वयंपाकघरात गेलो. सुवर्णाताई वाण मांडत होत्या, वैदेही तिळगूळ भरत होती, राधिका मदत करत होती. पाठ केलेलं वाक्य विसरलो आणि बोलणं भलतंच लांबलं. फोनवरच्या बाई, मुहूर्त, ब्लेझर, सगळं सांगितलं. पोत्यांमागे लपलो होतो तेही सांगितलं. शेवटी रडायलाच आलं. हॉलमधल्या दोन बायका डोकावून गेल्या.
सुवर्णाताईंनी राधिकाकडे पाहिलं. राधिकानं तिळगुळाच्या डब्याकडे पाहिलं.
मग वैदेहीच म्हणाली, काका, प्लीज, रडू नका. मी अर्ज मे महिन्यातच पाठवला होता. तुम्ही दसऱ्याचं सांगितलंत ना, त्याच संध्याकाळी, घरी जाऊन. म्हणाली, थोडी भीती वाटली म्हणून लगेच पाठवला. पेनसिल्व्हेनियाला इंटरव्ह्यू होता, थँक्सगिव्हिंगच्या आधी सीट मिळाली, येत्या मेमध्ये कॉलेज सुरू होतंय. मी विचारलं, मग दसऱ्याला माझ्यासमोर काय दाबलंस? ती अगदी हळू म्हणाली, लॉग आउट. तुम्ही इतक्या प्रेमानं सांगत होता, आय फेल्ट सो बॅड, नाही म्हणवेना. सुवर्णाताई म्हणाल्या, डॉक्टर, तुमचा निकाल लागला की सांगणारच होतो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून थांबलो.
मी अभिनंदन केलं. नीट केलं, आवाज बरा लागला. तिळगूळ घेतला. राधिकाला विचारलं, तुला कधी कळलं? मेमध्येच, म्हणाली. सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगितलं असतं तर तू तिला समजवायला गेला असतास.
खाली बेसमेंटमध्ये गेलो तर सगळे एकदम मॅचबद्दल बोलायला लागले. त्यांनाही माहीत होतं. घरी पोचेपर्यंत कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.
आज सकाळपासून इथे बसलोय. नोव्हेंबरपासून मला लाज वाटत होती. झोप उडाली, भूक मेली, इंटरव्ह्यू घालवला. एका मुलीचं वर्ष आपण बुडवलं, एवढी मोठी चूक आपल्या हातून झाली, असं वाटत होतं. तशी चूक झालीच नव्हती. होणारच नव्हती. त्यासाठी आधी कुणीतरी माझं ऐकायला हवं होतं.