कोरड्या मुलखातले सोने

मी राघो नाथा भोईर, वय अदमासे बासष्ट, धंदा मिठागर, राहणार मौजे दिवे, जिल्हा ठाणे. छातीत कफ भरला आहे, पण डोके ठिकाणावर आहे. धाकटा मुलगा गोपीनाथ मिठागराचे गिऱ्हाईक घेऊन संध्याकाळच्या गाडीने येत आहे. त्याच्या तोंडावर नाही म्हणणे मला जन्मात जमले नाही, म्हणून तो येण्याआधी हे कुळकर्ण्यांकडून लिहवून घेतो.

१. पाच वर्षांमागे सोन्याच्या खाणींत पैसे घालायला दलालाने दोन मुलूख सुचवले, वायनाड आणि म्हैसूर. थोरला काळुराम वायनाड पाहून तापाने फणफणत आला. तिकडे फार पाऊस, एवढे सांगून आठवड्यात गेला. पाऊस म्हणजे आम्हा मीठवाल्यांचा वैरी. मी म्हैसूरकडचा कोरडा माळ पसंत केला. काळुरामची विधवा सगुणा दाराआडून म्हणाली, "मामा, ती माती धुवाला पानी कुठशी आनतील?" मी तिला गप्प केले. यंत्रे आली, दगड फुटले, धुवायला पाणी नाही. मोठे मिठागर गहाण टाकून जिच्यात पैसे घातले ती कंपनी बुडाली, मिठागर गेले. दलालाने फसवले असे मी गोपीनाथास सांगितले. ते खोटे होते. मला लाज वाटली.

२. गेल्या महिन्यात सरकारने ब्रह्मदेश घेतला. तिथल्या माणकांच्या खाणीपायी गोपीनाथ उरलेले मिठागर विकू पाहतो. दलाल सचोटीचा आहे, एवढेच तो सांगतो. तो देश आमच्यातल्या कोणी पाहिलेला नाही.

३. सबब, माझ्या कष्टाचे हे मिठागर सगुणेस दिले. ठेवावे की विकावे, तिने ठरवावे. काळुरामचे मीठ ओढायचे फावडेही तिचेच. घर व बैलजोडी गोपीनाथास.

४. चुलतभाऊ सहदेव माझ्या नुकसानीवर भर लग्नात हसला. त्यास आमच्या बांधावरून वाट देऊ नये.

एवढे होते तोच गोपीनाथ आला. गिऱ्हाइकास ओटीवर बसवून आत येताच मी कुळकर्ण्यांना हा कागद त्यास वाचून दाखवायला लावला. सगुणेच्या बोलण्यापाशी त्याने हात वर केला.

"वयनीनी तवाच सांगतलेलं, आबा?"

मी हो म्हटले.  मग त्याने बाहेर जाऊन गिऱ्हाइकास निरोप दिला आणि आत येऊन लेखणी मागितली.

मुक्काम दिवे, माघ वद्य द्वितीया, शके १८०७.

राघो नाथा भोईर, निशाणी फावडे.
हस्ताक्षर मधु विठ्ठल कुळकर्णी, वस्ती ठाणे.
साक्ष दौलत पदू म्हात्रे, निशाणी नांगर.
साक्ष गोपीनाथ राघो भोईर, दस्तुर खुद्द.