संकेतशब्द

१७ नोव्हेंबर, सोमवार

…आणि दूध वर आलं होतं, म्हणून आधी गॅस बंद केला. तेवढाच काय तो उशीर. पाणी भरून झालेलं, कणीक तिंबून ठेवलेली. मग फ्रिजवर नजर गेली — यांची जिभेखालच्या गोळ्यांची डबी तिथेच! गॅलरीत धावले. आमचा तिसरा मजला. हे फाटकापाशी पोचलेले. ओरडले, "अहो! अहो!"

खाली फिरणाऱ्या तिघा शेजाऱ्यांनी वर पाहिलं. हिंमतराव हसले, "वहिनी, नक्की कोणते अहो?"

हे मात्र वळले नाहीत. बसथांब्यावर पडले ते पडलेच.

नावाने हाक मारली असती तर वळले असते. दोन वर्षं झाली. हे विश्वजीतलाही सांगितलेलं नाही, मुलगा असून.

आज पुन्हा आठवलं, ते नातीमुळे. स्वरालीला शाळेत सिनेमा हा विषय आहे. नववीला! तीन मिनिटांची फिल्म करायची आहे, सायबरपंक. २०८० सालातली म्हातारी म्हणून मी.

१८ नोव्हेंबर

तिची वही वाचली. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं वाचनालयाच्या कार्डावर. न वाचता मी कशात पडत नाही.

सायबरपंक म्हणजे — "तंत्र भारी, जगणं भिकार." म्हटलं, मग सिनेमा कशाला? आपली बंद पडलेली लिफ्ट दाखव.

पुढे कन्व्हेन्शन्सची यादी. कायम रात्र. कायम पाऊस. निऑनच्या पाट्या. सगळ्यांवर सत्ता असलेली कंपनी. यंत्रात साठवलेली मेलेली माणसं. कन्व्हेन्शन म्हणजे काय गं? "त्या प्रकारच्या सिनेमात ठरलेलंच असतं ते."

म्हणजे रीत. शब्दकोशात पाहिलं — संकेत. त्याच्याच खाली, संकेतशब्द : पासवर्ड.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गोष्ट अशी. म्हातारीचा नवरा कंपनीच्या यंत्रात आहे. तिने त्याचं नाव उच्चारलं की यंत्र उघडतं.

भरदुपारी पडदे ओढून रात्र केली. दिवाळीची माळ म्हणजे निऑन. इस्त्रीच्या पाण्याची फवारणी म्हणजे पाऊस. सगळा माझ्या चष्म्यावर!

स्टीलच्या पेल्यात तोंड घालून, यंत्राच्या आवाजात स्वराली म्हणाली, "नाव सांगा."

"अहो," मी म्हटलं.

"आजी! अहो हा काय पासवर्ड आहे? तो तर सगळ्यांचा सेम असतो! कोणाचं यंत्र उघडायचं कंपनीने?"

पोर हसत होती.

"बरं, उखाण्यात घेतेस?"

कुकर लावायचाय म्हणून उठले. कुकर लावून झालेला होता.

२१ नोव्हेंबर

लग्नात एकदा घेतलं होतं, उखाण्यात. त्यानंतर बेचाळीस वर्षांत नाही. बँकेत विचारलं तर कागदावर लिहून पुढे सरकवते. आज आंघोळ करताना नळ मोठा सोडून म्हणून पाहिलं. नाही आलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

उद्या फिल्म द्यायची आहे. पुन्हा पडदे, पुन्हा पाऊस.

"नाव सांगा." मी चष्मा पुसला.

"आवाज जुळला नाही. पुन्हा सांगा." पुन्हा पुसला.

पेला खाली ठेवून स्वराली जवळ आली. "आजी, राहू दे. मी दुसरं काहीतरी लिहिते." तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं, बस तिकडे. धर तो पेला.

तिसऱ्यांदा घेतलं. पुटपुटले.

"आवाज नाही आला, पण ओठ दिसले. चालेल!" तिने निळा दिवा लावला. यंत्र उघडलं.

विचारलं, मग तो काय म्हणतो?

"काहीच नाही. तिथेच संपतं. शेवट उघडा ठेवतात, आजी."

हाही संकेतच असेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पाणी भरलं. दूध तापवलं, गॅस बंद केला. गॅलरीत गेले. खाली हिंमतराव आणि आणखी दोघं फिरत होते. मोठ्याने हाक मारली, "जयसिंग!"

कोणीही वर पाहिलं नाही.