जटायूचा डावा पंख

४ फेब्रुवारी

सकाळी चहाला टर्पेंटाइनचा वास. बायकोने पुन्हा माझ्याच कपात ब्रश बुडवले. घरात रिकाम्या बरण्यांची पलटण उभी आहे, पण बाईंना कप लागतो तो माझाच. "तुमच्या कपाचा कान धरायला बरा," हा वर खुलासा. माझ्या निषेधाला या घरात कुत्रं विचारत नाही, म्हणून तो इथे नोंदवतो.

११ फेब्रुवारी

नवं चित्र — रावणाच्या रथावर झेपावणारा जटायू. आमची रीत जुनीच. मी श्लोक वाचून अर्थ सांगतो, ती ऐकल्यासारखं करते आणि खिडकीसमोरच्या झाडावरची घार बघून चित्र काढते. पंख असा उतरलाय की पिसांखालचा वारा जाणवावा. पण पंख एकच. डावीकडे कोरा कॅनव्हास.

"अगं, पंख छाटायला अजून अवकाश आहे. आणि छाटले तेही दोन्ही."

"दोन्ही आहेत की."

"कुठे?"

"चष्मा पुसा, शास्त्रीबुवा."

पुसला. कलावंतांशी वाद घालू नये.

१९ फेब्रुवारी

गॅलरीवाला आला. चित्रापुढे डोळे पाणावले त्याचे. "सर, ही रिकामी जागाच खरं चित्र आहे. कॅटलॉगसाठी तुम्हीच लिहा." लिहिलं. न दिसणारा पंख, अभावालाही पदार्थ मानणारे वैशेषिक तत्त्वज्ञ — होतं नव्हतं ते सगळं ओतलं. तिने शांतपणे वाचलं.

"छान आहे. पण हे कुठल्या चित्राबद्दल?"

खूप हसलो.

२ मार्च

कल्पवृक्ष. तोही अर्धा. गॅलरीवाला खूश, मी नाही.

दुपारी तिने ताट सरकवलं. "भाजी संपली हो, थोडी वाढा." भाजी ताटातच होती. डावीकडे. मी ताट फिरवलं.

"आता कुठून आली?" म्हणाली, आणि निमूट जेवली. मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभा राहिलो.

५ मार्च

डॉक्टरांनी तिला फूल काढायला सांगितलं. "एवढ्यासाठी आणलंत मला?" — पण काढलं, झोकात. सगळ्या पाकळ्या उजवीकडे.

मग स्कॅन. डोळे ठणठणीत आहेत. मेंदूत गाठ आहे, उजव्या बाजूला. डावीकडचं जग तिच्या लेखी नाहीच, म्हणाले; आणि ते नाही हेही तिला कळत नाही.

घरी आलो तर दाराशी कॅटलॉगचा गठ्ठा. छापून आलाय. माझा लेख पहिल्या पानावर.

८ मार्च

उद्या ऑपरेशन. पलंगाच्या डाव्या बाजूला बसून तिचा हात धरला होता. समोरून आमची मुलगी पाणी देत होती. बायको तिला म्हणाली, "बाबा कुठे गेले गं?"

उठून उजवीकडे गेलो.

"आलात?" म्हणाली.

ती जाईल अशी मला भीती वाटते. दुसरं काही सुचत नाही.