ओठांवर दिसणारे शब्द

॥ श्री ॥
मांडवी, रत्नागिरी
ता. १८ एप्रिल १९३३

तीर्थस्वरूप यमुनावन्सं यांस,

सगुणेचा साष्टांग नमस्कार. इकडे सासूबाई, मी आणि दोन्ही मुलं बरी आहोत. तुमची प्रकृती कशी आहे ते कळवावं. ह्यांचं पत्र बसऱ्याहून आलं. आगबोट अजून तिकडेच आहे, परत कधी ते कंपनीलाच ठाऊक, असं लिहितात.

तुमचं पार्सल महिपतने स्वतःच्या हाताने सोडलं. सुतळीची गाठ मला कापू दिली नाही. नखाने उकलत बसला, जीभ बाहेर काढून, आणि सुटली तेव्हा असा हसला की आत काय आहे ते बघायचं विसरूनच गेला. काचकागदाची अक्षरं बघून सासूबाई म्हणाल्या, "यमूच्या शाळेत पोरांची बोटं सोलून काढतात की काय गो?" पण दुपारी त्यातल्याच 'ग'वरून बोट फिरवत बसलेल्या मी त्यांना पाहिलं. मला बघून म्हणाल्या, धूळ पुसतेय.

बालवर्गातले खेळ घरच्या वस्तूंनीच करावेत, विकतचं काही नको, असं तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. करवंट्या घासून त्यांची लहानमोठी ओळ लावायचा खेळ महिपत आता न बघता करतो. समुद्रावरून शिंपल्या आणतो, त्यांचे आकाराप्रमाणे ढीग, मग रंगाप्रमाणे ढीग. सुपात तांदूळ पसरून त्यात बोटाने अक्षर काढायला त्याला काचकागदापेक्षा जास्त आवडतं. सुरंगीचे वळेसर तर तो माझ्यापेक्षा सारखे ओवतो. पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांत एवढी चिकाटी मी पाहिली नव्हती. वास ओळखायचा खेळ मात्र फसला. राहीला सगळे वास सुक्या बोंबलाचेच येतात, हिंगसुद्धा. तीन वर्षांची आहे, शिकेल. आणि महिपतच्या डोळ्यांवर फडकं बांधलं की तो घाबरतो, ओरबाडून काढतो. म्हणून तो खेळ सोडला.

गाणी आणि टाळ्यांचे खेळ सध्या बाजूला ठेवले आहेत. घंटेचा खेळही केला नाही. घरात घंटा एक देवाचीच, ती खेळायला कशी घ्यायची? पुढच्या वेळी हातांचे नि डोळ्यांचे खेळ जास्त पाठवाल का?

शिमग्यात महिपतला ताप येऊन गेला हे तुम्हाला कळवलंच होतं. त्यात मान ताठ झाली होती, तीही आता पूर्ण सुटली. अंगही धरलंय. जरा हट्टी झाला आहे, एवढंच. हाक मारली तर येत नाही. सासूबाई म्हणतात बापावर गेला, तोही लहानपणी असाच घुम्या होता. खरं का हो? तुम्हाला आठवत असेल. ह्यांना मात्र याबद्दल काही लिहू नका. परमुलखात माणूस, जिवाला उगाच घोर.

मुलांना तुमचा आशीर्वाद असावा.

आपली,
सगुणा


॥ श्री ॥
मांडवी
ता. ११ जून १९३३

तीर्थस्वरूप वन्संना साष्टांग नमस्कार.

"गाणी का नकोत?" एवढा एकच प्रश्न तुम्ही विचारलात, आणि त्याच्या खाली शांततेचा खेळ पूर्ण लिहून पाठवलात. मुद्दाम पाठवलात की सहज, ते मला कळलं नाही. पत्र कितीतरी दिवस फडताळात ठेवलं होतं. परवा केला तो खेळ.

शेजारच्या काशीची मुलगी आणि आपली दोन, अशी तिघं पडवीत भिंतीकडे तोंड करून बसवली. राहीला सांगितलं, हलायचं नाही, बोलायचं नाही, आतून कोणाचं नाव येतं ते ऐकायचं आणि मांजरीच्या पावलांनी यायचं. महिपतने तिच्याकडे बघितलं आणि तसाच बसला, मांडीवर हात ठेवून, पाठ ताठ. तिघांत तोच सर्वांत शहाणा दिसत होता.

मी माजघरात गेले. आधी काशीच्या मुलीचं नाव घेतलं, तुम्ही लिहिलंत तसं, नुसत्या श्वासाएवढं. आली. राहीला बोलावलं, तीही आली, पदराशी येऊन खुदखुदली. मग महिपतला बोलावलं.

परत बोलावलं. दारापर्यंत आले, तिथून बोलावलं. सासूबाई चुलीपुढून उठून आल्या. म्हणाल्या, "हळू काय बोलावतंस? मोठ्यानं हाक मार गो!" मी मारली. वन्सं, मी ओरडले. तो भिंतीच्या मातीतला गवताचा तुकडा उपटत होता. मग सासूबाईंनी परात घेतली आणि त्याच्या डोक्यामागे उलथण्याने बडवली. राही रडायला लागली, काशी धावत आली. त्याने ते गवत उपटून काढलं, फुंकर मारून उडवलं, आणि मग कंटाळून मागे वळला. आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघत उभ्या. त्याला वाटलं आपण जिंकलो. टाळ्या पिटून हसला.

सासूबाईंनी परात खाली ठेवली आणि तिथेच बसल्या. "हट्टी हाय," म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, "हट्टीच हाय तो."

मला माहीत नव्हतं असं नाही. तुम्हाला लिहिलं की ते खरं होईल, असं वाटत होतं.

सरकारी दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर भले आहेत, पुष्कळ वेळ तपासलं. म्हणाले, मेंदूच्या तापात कधी कधी असं होतं. कान बाहेरून साफ आहेत, आतली शीर गेली. मी विचारलं, औषध? त्यांनी महिपतच्या डोक्यावरून हात फिरवला. तेवढंच.

आणि आता दुसरंच होऊ लागलंय. त्याचे शब्द गळताहेत. सगळं बोलायचा हो तो, तुम्ही दिवाळीत आला होतात तेव्हा तुमच्या चष्म्यावरून केवढे प्रश्न विचारले होते! आता 'कोंबडी'चं 'ओंई' झालंय. 'काजू' गेला. 'चंद्र' गेला, नुसतं वर बोट दाखवतो. रोज सकाळी उठल्यावर मी बघते, आज काय उरलंय.

शब्द धरून ठेवायचा एखादा खेळ तुमच्याकडे असला तर पाठवा. काहीही पाठवा.

सगुणा


॥ श्री ॥
मांडवी
ता. २७ ऑगस्ट १९३३

तीर्थस्वरूप वन्संना साष्टांग नमस्कार.

तुमची तिन्ही पत्रं पोचली. त्या मुक्याबहिऱ्यांच्या शाळेतल्या बाईंना भेटून तुम्ही एवढं विचारून घेतलंत, मी काय म्हणू?

सांगितलंत तसं सगळं करते आहे. उजेडाकडे तोंड करून त्याच्यासमोर बसते. त्याचा एक हात माझ्या गळ्यावर, एक त्याच्या. 'म' म्हटलं की गळा गुणगुणतो, ते त्याला फार आवडतं. 'प'ला पिसाची फुंकर, पीस उडालं की 'प' बरोबर. आरशासमोर दोघं तोंडं करतो. राहीलाही हवं असतं, मग तिघं करतो. सासूबाईंना खूप करायचं असतं, पण दात नाहीत, त्यामुळे त्यांचे ओठ त्याला वाचता येत नाहीत. तो त्यांची हनुवटी धरून तोंडात डोकावून बघतो, शब्द आत कुठे अडकलाय म्हणून. त्या हसतात, आणि मग उठून परसात जातात.

एक गोष्ट मला कळली ती तुमच्या बाईंना विचारा. ओठ मिटून म्हणायचे शब्द टिकतात, कारण ते दिसतात. 'बाबा' राहिला. 'मामा' राहिला, 'पापड' अर्धा राहिला. पण 'आई' म्हणताना ओठांवर काहीच दिसत नाही, वन्सं. तोंड उघडतं एवढंच. जांभईलाही तसंच उघडतं. आषाढात कधीतरी गेला तो शब्द, कुठल्या दिवशी ते मलाही कळलं नाही. बाप वर्षभर समुद्रावर, त्याचं नाव घरात दिवसभर चाललंय, आणि मी समोर बसलेली. आता तो माझा पदर ओढतो. बोलावलं म्हणायचं.

शाळेचं तुम्ही लिहिलंत. पाच वर्षांचं मूल घेतात, तिथेच ठेवून घेतात, ओठ वाचायला आणि बोलायला शिकवतात. मागच्या पत्रात मी "नाही" लिहिलं होतं. रागाने लिहिलं, क्षमा असावी. सासूबाईही म्हणाल्या, पोर काय जड झालंय का आपल्याला.

पण परवा जे झालं ते सांगते. नारळी पौर्णिमा होऊन गेली, समुद्र जरा निवलाय, म्हणून मुलांना घेऊन शिंपल्या आणायला गेले होते. राहीच्या पायात काटा गेला. तिला कडेवर घेऊन काढत होते. वर बघते तो महिपत ओहोटीच्या वाळूवरून पार पुढे गेलेला, वाकून वाकून वेचत, आणि पाणी फिरलेलं. त्याच्या मागून पाणी भरत होतं. वाळूची पुळण मध्येच उंच असते ना तिथे, तो त्या उंचवट्यावर, आणि मधे खळगा.

मी हाक मारली. आईच ना मी, दुसरं काय करणार! ओरडले, धावले, राही कडेवर, कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि पुढे जाववेना. तो पाठमोरा. एकदा जरी मागे बघितलं असतं तरी मी हात केला असता. माझा सगळा जीव घशात आणून ओरडत होते आणि त्याला शिंपल्याशिवाय जगात काही नव्हतं.

मिरकरवाड्याचा भिवा होडी डांबर लावायला वर ओढत होता. त्याने बघितलं, पोहत गेला आणि खांद्यावर घालून आणलं. "वयनी, मी बी किती आरडलो," म्हणाला, "पोर आयकतच नाय!" भिवाने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग महिपतकडे, आणि त्याला समजलं असावं. म्हणाला, "बरं, बरं," आणि पोराच्या डोक्याचं पाणी आपल्या मुंडाशाने पुसलं.

महिपत हसत होता. मूठ उघडून त्याने मला एक गुलाबी शिंपली दाखवली आणि नाव सांगायला तोंड उघडलं. तोंडातून वारा आला नुसता.

सासूबाईंना घरी येऊन सांगितलं. बराच वेळ त्या त्याच्या ओल्या सदऱ्याचे पिळे काढत राहिल्या, पाणी संपलं तरी. मग म्हणाल्या, "यमूला लिही."

म्हणून लिहिते आहे. तुमच्या वसतिगृहात मूल ठेवू देत नाहीत, तुमचाही इलाज नाही, ते मला समजतं. ह्यांना मी आता सारं लिहिलंय. त्यांची बोट दोन बंदरं पुढे जाईल तेव्हा उत्तर येईल. शाळेच्या बाईंना सांगा, दिवाळीनंतर आणते.

सगुणा


॥ श्री ॥
मांडवी
ता. ५ नोव्हेंबर १९३३

तीर्थस्वरूप वन्संना साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले. येताना समुद्र शांत होता. तुम्ही धक्क्यावर विचारलंत, "सगुणा, तू रडली कशी नाहीस?" आणि मी म्हटलं की राहीला सांभाळायचं होतं. ते खरं नव्हतं. खरं तोंडाने सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

जायचं ठरल्यापासून एकच विचार होता, महिपतला सांगायचं कसं. चार दिवस म्हणजे काय, सुट्टी म्हणजे काय, उन्हाळा म्हणजे काय, त्याला काही सांगता येत नाही. बोटीचं चित्र काढून दाखवलं तर त्याला वाटलं बाबा येणार, दारात जाऊन बसला. मग मी एक खेळ केला. तुमच्या कुठल्या पत्रातला नाही, माझाच. त्याला पडवीत बसवायचं, डोळ्यांवर त्याचेच हात ठेवायला लावायचे. फडक्याला भितो, पण स्वतःच्या हातांना भीत नाही. मी पिशवी घेऊन पुढच्या दाराने जायची आणि मागच्या दाराने येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. आई जाते आणि आई येते, एवढंच त्याला कळावं म्हणून. आधी डोळे लगेच उघडायचा, रडायचा. मग थांबायला लागला. मी विहिरीपर्यंत जाऊन यायची, मग काशीच्या घरी बसून यायची. तो हात काढायचा नाही. खांद्यावर हात पडला की असा खिदळायचा! सासूबाई म्हणायच्या, शिकलं गो पोर. मलाही वाटलं, शिकला.

त्या दिवशी शाळेच्या दिवाणखान्यात तुम्ही बाईंशी कागदांचं बोलत होतात. बाई चांगल्या आहेत, त्यांचे हात मऊ आहेत, ते मी बघितलं. मी त्याची ट्रंक ठेवली आणि पिशवी उचलली. त्याने माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि वन्सं, तो हसला. बाकावर जाऊन बसला आणि आपणहून दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले.

तो रडला असता तर मी त्याला घेऊन आले असते. ओरडला असता, पाय धरले असते, तर कुणाचंही ऐकलं नसतं. पण तो खेळत होता. मी शिकवलेलं सगळं बिनचूक करत होता. जिन्यावरून मी एकदा बघितलं. हात तसेच, कोपरं वर, ओठ दाबलेले, हसू आवरायचं म्हणून.

किती वेळ बसला असेल, ते मी तुम्हाला धक्क्यावर विचारू शकले नाही. अजूनही विचारत नाही. तुम्ही तेव्हा माझ्याबरोबर होतात, तुम्हालाही ठाऊक नसणार. बाईंना ठाऊक असेल. त्यांनाही विचारू नका.

ह्यांचं पत्र आलं. लिहितात, तू ठरवलंस ते बरोबर ठरवलंस, मुलगा बोलू लागेल. बरोबर असेल. सगळे मला बरोबरच म्हणतात. काशीसुद्धा. राही रोज पडवीत हात डोळ्यांवर ठेवून बसते आणि मी मागच्या दाराने आले नाही तर हाका मारते. मला तो खेळ आता खेळवत नाही.

तुम्ही रविवारी त्याला भेटायला जाल. एक करा. जाल तेव्हा मागून जाऊ नका, आणि खांद्यावर हात ठेवू नका. त्याला माझा वाटेल. समोरून जा, उजेडातून, तुमचा चेहरा त्याला लांबूनच दिसेल असं.

आणि आलात की त्याने काय केलं, ते खरं लिहा. रडला असला तरी लिहा. तुमच्याकडे बघायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून बसला असला, तरीही लिहा. बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. मला आता इथून काही करता येत नाही, निदान काय झालं ते कळू दे.

त्याला लोणचं लागतं, आंब्याचं. बरणी ट्रंकेत खाली ठेवली आहे, सदऱ्यात गुंडाळून. बाईंना सांगायचं राहिलं.

तुमच्या हाती दिलेल्या मुलाची,
सगुणा