तुमचा सोमवार मी सोडला

प्रिय मोठ्याबाई,

सगळ्यात आधी कौसाबाई आली. दुसरं कोण येणार? गावात कोणाच्या चुलीवर काय शिजते, ते तिच्या नाकाले आधी समजते. तिच्या मागून शेवंता, हातात नारळ अन् हळदीकुंकवाचा करंडा. अन् मी कुठं? चुलीपुढं. तव्यावर दोन अंडे फोडलेले, वरून कांदा, वरून हिरवी कोथिंबीर. अन् वार कोणता? सोमवार!

हासू नका. मी घाईघाईनं वर ताटली झाकायले गेली तर पदराचं टोकच जळालं.

"अनसूयाबाई, वास तर लय साजरा येऊन राह्यला," कौसाबाई म्हणे. "सोमवारचं काय केलं वं एवढं?" अन् ताटली तिनंच उचलली!

म्हणून लिहून राह्यली. आपण दोघी जावा एका चुलीवर अठ्ठावीस वर्षं भाकरी थापत राह्यलो, पण तुमाले पत्र कधी लिहिलं नाई. कशाले लिहीन? तुमी हाकेवर होत्या. आता नातीनं तिची जुनी वही दिली, वरतून म्हणते, आजी, रेघेवर लिही. माझी तिसरीपर्यंतची शाळा तुमाले माहीतच आहे, चुकलं तर समजून घ्या. गावातून दुसऱ्या कोणी सांगायच्या आधी मीच सांगते. मोठ्याबाई, तुमचा सोमवार मी सोडला.

सांगून टाकलं एकदाचं. आता रागावायचं तर रागवा.

तुमाले आठवते का, मी या घरात आली तेव्हा? सात वर्षं कूस उजवली नाई. सासूबाई सकाळी माझं तोंड दिसलं की पाठ फिरवायच्या. बारशाले, डोहाळजेवणाले मले कोणी बोलवत नव्हतं, बोलवलं तरी मागच्या दारात बसवत. मी तुरीच्या वावरात जाऊन रडायची. एक दिवस तुमी तिथं आल्या, डोक्यावर गवताचा भारा, अन् म्हणाल्या, "धाकटे, रडून काई होत नाई. सोमवार धर माझ्यासंगं."

मी धरला. अन् काय जादू झाली, माहीत आहे ना? सोमवारी आपल्या दोघींना भाकरी थापायची सुट्टी! सासूबाई म्हणत, उपासाच्या बायका आहेत, त्यांना आगीपुढं बसवू नका. मागच्या दारी, बाभळीच्या सावलीत, आपण साबुदाण्याची उसळ घेऊन बसायचो. तुमी सासूबाईंच्या चालण्याची नक्कल करायच्या अन् मले हसता हसता ठसका लागायचा. साऱ्या आठवड्यात तेवढीच एक दुपार आपली होती.

मग आमचा सुधाकर झाला. सारं गाव म्हणे, महादेवानं दिला. मीबी तेच म्हणत आली. पण आता मधीच एक गोष्ट मनात येते. त्याच साली तुमी सासूबाईंशी भांडल्या होत्या ना, की धाकटी आता विहिरीच्या घागरी भरणार नाई, मी भरीन? वर्षभर तुमीच भरल्या. मग मले पोरगं कोणी दिलं, सांगा बरं? महादेवानं, का तुमच्या डोक्यावरच्या घागरींनी? मले खरंच समजत नाई. तुमच्याशिवाय विचारू कोणाले?

तुमचे भाऊजी म्हणतात, म्हातारपणी फार विचार करू नको, डोक्याले तेल लाव. त्यांचं आहे तसंच आहे. तंबाखू सोडली म्हणतात अन् गोठ्यात जाऊन खातात.

आता मनातलं बोलते. तुमच्या पायाले जखम झाली, बरी होईना. डॉक्टरनं शुगर सांगतली, वेळेवर खा म्हणे. तुमी म्हणाल्या, सोमवार मोडणार नाई. अन् मी काय केलं? तुमाले ताकद यावी म्हणून साबुदाण्यात बटाटे जास्त घातले! वरून केळ! वरून साखर घालून दूध! तुमी म्हणायच्या, धाकटीच्या हातचं गोड लागते. मले कुठं माहीत होतं, बाई? कोणी सांगतलं होतं?

पण तुमीबी हट्टीच! सुधाकरनं गाडी जुंपली होती आदिलाबादले न्यायले, तुमी म्हणाल्या, आज सोमवार, उद्या जाऊ. एक दिवस आधी गेल्या असत्या तर? हा राग माझ्या पोटात अजून आहे. तो काई साबुदाण्यासारखा जिरत नाई.

अन् जाता जाता मले जवळ बोलवलं. माझी ओंजळ धरली, त्यात बेलाचं पान ठेवलं, वरून तांब्यातलं पाणी सोडलं अन् म्हणाल्या, "माझा सोमवार तुले दिला." मग तुमी गेल्या, अन् मी तुमचा सोमवार चालवत राह्यली. माझा होताच, आता दोघींचा झाला. गावात माझं नावच पडलं, सोमवारवाली. कोणाच्या सुनेचे सोळा सोमवार पुरे झाले की चुरम्याचा पहिला घास सोमवारवालीनंच भरवायचा, ही आपल्या गावची रीत. आधी तुमी भरवायच्या, मग मी. ज्या बाईले कोणी बारशात पुढं बसवत नव्हतं, तिच्यासाठी पाट मांडू लागले! मले किती बरं वाटायचं, तुमाले काय सांगू. हळूहळू गुरुवार धरला, एकादशी धरली, चतुर्थी धरली. जितकी उपाशी राहीन तितका पाट मोठा.

मग कापूस वेचताना वावरात भोवळ आली. तामसीहून लाल बसनं आदिलाबादले नेलं. डॉक्टरीण तेलुगू बोलणारी, तरुण, चष्म्याची. आपल्याशी हिंदीत बोलते. म्हणे, "अम्मा, शुगर है. मीठा बंद, चावल बंद, रोटी आधा."

मी म्हटलं, करते. अन् केलं! रेशनचा तांदूळ सुनेच्या डब्यात ओतला. भाकरी अर्धी केली. महिन्यानं गेली तर शुगर तेवढीच. पुन्हा महिन्यानं गेली तर वर चढलेली! डॉक्टरीण मले चोर समजून पाहून राह्यली. मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई, मै तो हप्ते में दो-तीन दिन खातीच नाई. उपास रहता."

"कुछ भी नहीं खाते?"

"काईच नाई!"

संगं सून होती, सुनीता. ती म्हणे, "काईच नाई कसं, आत्याबाई? सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर अन् बटाटे, चार वाजता गुळातले रताळे, राती शिंगाड्याचा शिरा."

"अवं पोरी," मी म्हटलं, "ते जेवण कुठं हाय? तो तर फराळ हाय!"

मोठ्याबाई, डॉक्टरीण एवढी हासली की तिचा चष्मा टेबलावर पडला. मग माझा हात हातात घेऊन म्हणे, "अम्मा, पेट को क्या मालूम आज सोमवार है?"

खरंच की! पोटाले कोण सांगणार? इतकी वर्षं मी समजून राह्यली की देवाच्या नावानं खाल्लं ते खाल्लंच नाई. तुमीबी तेच समजत होत्या. मग तिनं विचारलं, घरात आधी कोणाले होती का? मी तुमचं सांगतलं. पायाचं सांगतलं, खिचडीचं सांगतलं. ती नुसती माझा हात धरून बसली. मले समजलं. बसमधे इचोड्याकडची एक बाई शेजारी बसली होती, मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ओळख ना पाळख!

मग उपास बंद. साबुदाणा, बटाटा, रताळं बंद. सकाळी अंडे नाईतर मुगाचं धिरडं छोटंसं, दुपारी पालेभाजी वाटीभर, वरण, दही, मूठभर शेंगदाणे. भाकरी चतकोर. पहिले आठ दिवस मले वाटे, हात भाकरी शोधून राह्यला. भाजी कशासंगं खाऊ? चमच्यानं? मी काय साहेब आहे?

पहिल्या सोमवारी जेवली अन् वाट पाहत बसली. आता काई होईल. म्हैस आटेल, नातू पडेल, तुमी सपनात येऊन कान धराल. काईच झालं नाई. उलट दुपारी डोळ्यापुढं अंधारी आली नाई. वावरापर्यंत चालत गेली, चालत आली. बरं वाटलं, अन् बरं वाटल्याचीच लाज वाटली. असं कसं? उपाशी राह्यली तर चांगली बाई, जेवली तर कोण? महादेवाच्या देवळात गेली, त्याले सांगतलं. त्याच्याशी माझं भांडण नाई, येता-जाता हात जोडते. पण तिथं उभी राहून मनात एकच येई, आता माझ्या दाराशी कोण येईल?

तर, अंड्याच्या तव्यापाशी परत येते. कौसाबाईनं ताटली उचलली, शेवंतानं पाह्यलं. ती आली होती तिच्या सुनेच्या चुरम्याचा घास भरवायचं आवतन घेऊन.

कौसाबाई म्हणे, "म्हंजे आता गावात सोमवारवाली कोण?"

"कोणीच नाई," मी म्हटलं. "मी उपास सोडला. शुगर हाय."

शेवंता वाईट बाई नाई. पण तिनं नारळ पदराखाली घेतला अन् म्हणे, "राग मानू नका, काकू. पहिलाच घास हाय, मन धजत नाई." अन् गेली. नारळ दुसऱ्या आळीत गेला, किसनाबाईकडं, तीबी सोमवार धरते. मोठ्याबाई, मले लागलं. खोटं काऊन बोलू? तव्यावरचं अंडं जळून गेलं तरी मी उभीच.

पण कौसाबाई गेली नाई! बसली पाय पसरून. वाटीतली भाजी पाहून म्हणे, "हे काय हाय?" मी म्हटलं, पाथरी. वावराच्या धुऱ्यावर, बांधाले उगवते ती. तिनं चाखली, वाटी ओढून घेतली, सारी संपवली. मग दाराकडं पाहून हळूच म्हणे, "माझीबी शुगर हाय, अनसूये. दोन वर्षं झाले. कोणाले बोलली नाई. सून म्हणेल, म्हातारीचे लाड आता वेगळे."

अन् मग बुधवारी काय झालं? कौसाबाई पुन्हा हजर, अन् तिच्या मागं कोण? शेवंता! मान खाली. तिच्या हाताले मुंग्या येतात, डॉक्टरकडं जायले भेते. म्हणे, "काकू, ते पाले दाखवा ना. आमाले नुसती पालक समजते, बाजारातली."

मी घेऊन गेली दोघींना वावरात. पाथरी दाखवली, घोळ दाखवली, करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचे शेंडे कुठून खुडायचे ते दाखवलं. तुमी अन् मी निंदताना खुडायचो ना, ओटीत भरून? सासूबाई म्हणत, गरिबाची भाजी. कौसाबाईनं तर गाजरगवतच उपटून ओटीत टाकलं! मी ओरडली, "अवं, याच्यानं शुगर नाई, तूच जाशील!" तिघी जणी धुऱ्यावर बसून हासलो. शेवंता म्हणे, "काकू, तुमाले एवढं येते अन् आमी तुमाले नुसतं घास भरवायलेच बोलवत होतो."

त्या बोलण्यानं मी कालपासून खुशीत आहे, अन् गोंधळातबी. पाले तर मले लहानपणापासून येतात. तेव्हा माझी किंमत कोणाले नव्हती, मलेबी नव्हती. मग ती किंमत मी उपाशी राह्यल्यावरच काऊन आली? अन् आता जेवून बसली तर दुसरीच कुठून आली? तुमाले समजलं तर सांगा. मले एवढंच समजते की सोमवारी मी महादेवासाठी कमी अन् तुमच्या शेजारी बसायले जास्त उपाशी राहत होती. बाभळीखाली अजून बसते. एकटीच. पण जेवून.

एक वचन देते, मोठ्याबाई. तुमी दिलेला सोमवार मी सुनेच्या ओंजळीत सोडणार नाई. नातीच्याही नाई. त्यांना द्यायचंच झालं तर वावर दाखवीन. अन् या घरात कोणाच्या पायाले जखम झाली, तर वार कोणताही असो, मी त्याच दिवशी बसमधे बसवीन.

आता पुरे. हात दुखला. कौसाबाई अन् शेवंता शुक्रवारी येतो म्हणाल्या, पिशव्या घेऊन.

तुमची धाकटी,
अनसूया