अमेरिकेची कुपी आणि माझं रक्त

८ मार्च १९९९, सांगली
अमेरिकेहून कुपी आली. सहा महिन्यांत अकरा पत्रं लिहिली, त्याचं चीज झालं. आत माणसाचं एन्झाइम; पण माणसातून काढलेलं नव्हे, तिकडे लॅबमध्ये पेशींकडून करवून घेतलेलं. पेशींबाहेर सांडलेलं एडीपी नावाचं रसायन ते फोडून टाकतं. मग रक्तातल्या प्लेटलेट्स चिकटत नाहीत, गुठळी होत नाही. १७ तारखेला प्राचार्यांसमोर प्रयोग. जमला की विभागप्रमुख मीच. सोबतच्या कागदावर 'कायम गोठवून ठेवा' असं आहे. ठेवणारच.

१३ मार्च, सातारा
सासुरवाडीला दाखवायला कुपी आणली, बर्फाच्या थर्मासमध्ये. कराडलाच बर्फाचं पाणी. काळजी नाही. माणसाचं एन्झाइम माणसाच्या उबेला टिकणारच. मेव्हण्याने उन्हात धरून पाहिली, नुसतं पाणी दिसतंय म्हणाला. पाटबंधारे खात्यात आहे, त्याला सगळीकडे पाणीच दिसतं.

१५ मार्च, सांगली
रंगीत तालीम. माझं रक्त, कुपीतला थेंब, वर गुठळी करणारं रसायन. गुठळी नाही! सौ.ला फोन केला. लॅब असिस्टंट पीरमहंमदभाई म्हणाले, एकदा एन्झाइम न घालता बघू. मी वेळ नाही म्हटलं, तरी केलंच. त्या नळीतही गुठळी नाही. म्हणाले, "सर, डोकं दुखतंय म्हणून तुमी रोज अ‍ॅस्प्रिन खाता न्हवं? माझ्या हार्टच्या डॉक्टरनं तीच गोळी दिलीया मला, गुठळी हुऊ नये म्हणून."
चांगला माणूस. पण विज्ञानाचा पिंड नाही.

१७ मार्च, सकाळी ११
रक्त घ्यायला प्राचार्यांनी हौसेनं स्वतःचाच दंड पुढे केला. नाही कसं म्हणणार?

दुपारी १२
नळीभर गुठळ्या. एन्झाइम घातलंत ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. सगळी कुपी ओतली होती. मुळात प्राचार्यांचं रक्तच हट्टी.

२० मार्च
विभागप्रमुख कानिटकर मॅडम. अभिनंदन करून आलो. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.
पीरमहंमदभाईंनी रिकामी कुपी धुऊन, पुसून टेबलावर ठेवली. म्हणाले, "आणिक एक पत्र लिवा, सर. या टायमाला साताऱ्याला नेऊ नगा."
यांना कुणी सांगितलं?
पत्र उद्या. आज डोकं दुखतंय. गोळी घेतली. एवढ्या खटपटीत तीच एक काम करते.