चार म्हशी, चार निमंत्रणं

कसबा बावडा, सोमवार

ती. जयपालमामांना आदितीचा वाकून जय जिनेंद्र (वाकून, कारण कालपासून सरळ होताच येत नाही, ते पुढे येतंय). मामींचा गुडघा काय म्हणतोय? तुमच्या चारी म्हशी टेम्पोतून सुखरूप शिरोळला पोचल्या ना?

कालच्या सभासद मेळाव्यातल्या गोंधळाचं खरं कारण आता लिहूनच सांगते. आमच्या दूध संस्थेत मी अजून कच्ची. कायम करायचं की घरी धाडायचं, ते याच आठवड्यात ठरणार. त्यात आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या संयोगिता मॅडम म्हणाल्या, म्हैसवाल्या सभासदांची यादी निघायला अर्धा तास लागतो, सबक्वेरी काढ आणि जॉइन लाव. सबक्वेरी म्हणजे मामा, एकेक सभासद धरायचा, गोठ्याच्या वहीकडं पळायचं, "म्हैस हाय का?" विचारायचं, "हाय" म्हटलं की परत. (किती, ते विचारायचंच नाही.) जॉइन म्हणजे दोन्ही वह्या शेजारी ठेवून नावाला नाव जुळवायचं. मी जुळवलं, यादी चुटकीसरशी आली, त्याच आनंदात मोबाइलवर मेळाव्याची निमंत्रणं सोडली. पण ज्याच्या जितक्या म्हशी, तितक्यांदा त्याचं नाव! 'नाव एकदाच घे' हे कॉम्प्युटरला सांगायचं मी विसरले.

दुसऱ्या गावात लोक म्हणाले असते, मशीन बिघडलं. आपल्या कोल्हापुरात? चार म्हशी, चार निमंत्रणं, म्हणजे म्हशींनाच बोलावलंय की! सकाळी नऊला हॉलच्या फाटकात शिंगं रंगवलेल्या बासष्ट म्हशी, पुढं, दिवाळी पाडव्याला म्हशी पळवताना असतात तशा, सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकली, आणि आमचे जुने सभासद गैबीचाचा विचारतात, "पोरी, ह्यास्नी कुठं बसवायचं?" एकीनं अध्यक्षसाहेबांचा हार खाल्ला, दुसरीमागं मी पार्किंगभर पळाले (कंबर तिथंच गेली). नोकरी गेली म्हणून मी जिन्यात बसून रडतेय, आणि तुम्ही "पाडव्याला पण एवढी मजा न्हवती" म्हणत फेटा उडवताय! अध्यक्ष विजयसिंह साहेब मात्र म्हशींबरोबर फोटो काढून जाम खूश झाले. म्हणजे काळजी नसावी.

तुमची भाची,
आदिती

ता.क. साहेबांना वाटतंय, म्हशी बोलवायची कल्पना माझीच. त्यांचा तुम्हाला फोन येईल. तेवढं "व्हय, पोरीचं डोकंच तसलं हाय" म्हणा. पाया पडते, मामा. (म्हणजे कंबर बरी झाली की.)

ता.क. २. यादी आज दुरुस्त केली. पण आभाराचे निरोप कालच, जुन्या यादीवर गेलेत: 'पुन्हा असंच अगत्यानं यावं.' तुम्हालाही चार आले असतील. निघू नका! खाली फाटकात फटफट ऐकू येतेय. बघते तर गैबीचाचा. सगळ्या म्हशींना आंघोळ घालून आणलंय.